आधुनिक विक्कापंथातील प्रतीके आणि लोकविद्या : एक चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादे प्रतीक प्राचीन आहे असे सिद्ध झाल्याने ते अर्थपूर्ण ठरते काय, आणि ते अर्वाचीन आहे असे सिद्ध झाल्याने निरर्थक ठरते काय, हा लोकविद्येच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न आहे. केवळ तात्त्विक चर्चेने त्याचा उलगडा होण्यासारखा नाही. एखाद्या निश्चित उदाहरणाची चिकित्सा केल्यानेच तो काही अंशी सुटू शकेल. असे उदाहरण म्हणून प्रस्तुत लेखात इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास उदयास आलेल्या विक्का या पंथाची निवड केली आहे. हा पंथ आपणास ख्रिस्तपूर्व युरोपातील ‘जुन्या धर्मा’चा वारस मानीत आला. त्याची प्रतीके मात्र शेतकऱ्यांच्या घरांतून वा गावांच्या वेशीवरून आलेली नसून ती बव्हंशी लोकविद्येच्या पंडितांच्या ग्रंथांतून आलेली आहेत. लोकांकडून ग्रंथात, ग्रंथातून विधीत, आणि विधीतून पुन्हा ‘लोकपरंपरा’ या नावाने लोकांत, असा हा विलक्षण प्रवास आहे. त्यातील प्रत्येक टप्पा कालदृष्ट्या बराचसा निश्चित करता येतो, आणि म्हणूनच हे उदाहरण अभ्यासकाला विशेष उपकारक ठरते.

२. पंथ आणि त्याचा ग्रंथसंग्रह

जेरल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांचे आयुष्य सिलोन, बोर्निओ व मलाया येथे चहा-रबराच्या मळ्यांवर आणि पुढे जकात खात्याच्या नोकरीत गेले. मलायी शस्त्रांवरील त्यांचा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते इंग्लंडला परतले, आणि १९३९ साली लंडनच्या लोकविद्या संस्थेचे सभासद झाले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात दक्षिण इंग्लंडातील न्यू फॉरेस्ट या प्रदेशात एका गुप्त मंडळाने आपणास दीक्षा दिली, असे त्यांचे म्हणणे होते. १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला. आणि १९५४ साली त्यांचा ‘विचक्राफ्ट टुडे’ हा ग्रंथ बाहेर आला. या ग्रंथात ते आपण पंथाचे संस्थापक असल्याचा दावा करीत नाहीत. मरणपंथास लागलेल्या एका परंपरेचे आपण केवळ निवेदक आहोत, अशी त्यांची भूमिका आहे. ग्रंथास प्रस्तावना लाभली ती डॉ. मार्गारेट मरे यांची. त्या वेळी त्या त्याच लोकविद्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. निवेदक संस्थेचा सभासद आणि त्याची साक्ष प्रमाण मानणारी विदुषी संस्थेची अध्यक्ष, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. पंथ आणि शास्त्र यांचे गोत्र एकच होते.

या पंथाच्या मागे उभा असलेला ग्रंथसंग्रह आज पुरेसा स्पष्ट झाला आहे. पहिला ग्रंथ जेम्स फ्रेझर यांचा ‘द गोल्डन बाऊ’. त्याची पहिली आवृत्ती १८९० साली निघाली, आणि मरून पुन्हा जन्मणाऱ्या वनस्पतिदेवाची कल्पना तिने सुशिक्षितांच्या मनांत रुजविली. दुसरा ग्रंथ चार्ल्स लेलंड या अमेरिकन संग्राहकाचा ‘अरॅडिया’ (१८९९). तस्कनीतील मादालेना नावाच्या स्त्रीकडून आपणास चेटकिणींचे धर्मपुस्तक मिळाले, असे लेलंड सांगतात. तिसरा ग्रंथ म्हणजे मरे यांचा १९२१ सालचा ‘द विच-कल्ट इन वेस्टर्न युरोप’. चौथा रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीचा ‘द व्हाइट गॉडेस’ (१९४८). कुमारी, माता व वृद्धा अशा तीन रूपांत प्रकट होणाऱ्या चंद्रदेवतेची कल्पना यानेच सर्वतोमुखी केली. यांच्या जोडीला सॉलोमनच्या नावावर चालत आलेल्या मंत्रग्रंथांतील मंडले व सुऱ्या, आणि ॲलिस्टर क्रौली यांची वचने होती. १९५३ साली दीक्षित झालेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांच्या ध्यानात ही उसनवारी ताबडतोब आली. क्रौलींचा बराचसा भाग काढून टाकून त्यांनी देवीच्या आज्ञेचे गद्य नव्याने रचिले. लेलंडच्या संहितेचा धागा तेवढा त्यांनी राहू दिला. या पंथाच्या सर्वांत समर्थ वाङ्मयाची लेखिका विसाव्या शतकातील एक व्यक्ती आहे, आणि तिचे नाव आपणास ठाऊक आहे, ही गोष्ट कोणत्याही ‘अपौरुषेय’ परंपरेच्या समीक्षकाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

३. मरे यांचा सिद्धान्त

या इमारतीचा मुख्य आधारस्तंभ मरे यांचा सिद्धान्त असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. मरे यांचा जन्म १८६३ साली कलकत्त्यास झाला. मूळच्या त्या मिसरविद्येच्या पंडित. चेटूकविषयक खटल्यांकडे त्या मागाहून वळल्या. चेटूक केल्याच्या आरोपावरून ज्यांचा छळ झाला ती माणसे शिंगधारी देवाच्या एका सुसंघटित प्राचीन धर्माची अनुयायी होती, न्यायाधीशांनी त्या देवाला सैतान म्हटले एवढेच, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त त्यांनी लिहिलेल्या लेखामुळे हे मत जणू सर्वमान्य असल्यासारखे घरोघर पोहोचले.

या सिद्धान्तातील दोष मूलतः साधनांच्या वापराचा आहे. नॉर्मन कोह्न यांनी १९७५ साली मूळ साक्षी पुन्हा तपासून दाखविले की, एकाच कबुलीजबाबातील भोजन, नृत्य व मेळावा हे संभाव्य तपशील मरे उचलतात, आणि त्यालाच लागून असलेले उड्डाण, पशुरूप धारण करणे इत्यादी असंभाव्य तपशील गाळतात. अशा रीतीने गाळीव साक्ष आपोआपच विश्वासार्ह दिसू लागते. प्रत्येक मंडळात तेरा माणसे, ही आज सर्वत्र रूढ झालेली कल्पना मुख्यतः इझोबेल गौडी या स्कॉटिश स्त्रीच्या १६६२ मधील कबुलीवर उभी आहे. आणि त्याच कबुलीत ती आपण सशाचे रूप घेत असल्याचेही सांगते. तेरा खरे आणि ससा खोटा, हे कोणत्या कसोटीने ठरवावयाचे? या प्रश्नाला मरे यांच्याजवळ उत्तर नाही. जॅकलिन सिम्प्सन यांनी १९९४ साली त्याच संस्थेच्या ‘फोकलोअर’ या पत्रात मरे यांच्यावर कोणी व का विश्वास ठेवला याची मीमांसा केली. आपल्याच माजी अध्यक्षांच्या सिद्धान्ताची अशी कठोर तपासणी एखाद्या विद्वत्संस्थेने आपल्या पत्रात होऊ द्यावी, हे त्या शास्त्राच्या प्रौढतेचे लक्षण मानावयास हरकत नाही.

४. काही प्रतीकांची परीक्षा

आता प्रत्यक्ष प्रतीकांकडे वळू.

पहिले प्रतीक वर्षचक्राचे. विक्कापंथाचे वर्ष आठ सणांचे आहे. त्यांपैकी साउइन, इम्बोल्क, बेल्टेन व लुनासा हे चार मध्ययुगीन आयरिश वाङ्मयात आढळतात. उत्तरायणाच्या व दक्षिणायनाच्या प्रारंभीचे उत्सव, विशेषतः मध्यग्रीष्मातील होळ्या, युरोपात दूरवर आढळतात. परंतु हे सर्व आणि दोन्ही संपातदिन मिळून होणारे आठ आऱ्यांचे चाक कोणत्याही एका प्राचीन समाजाने पाळल्याचा पुरावा नाही. ती जुळणी १९५० नंतरच्या दशकातील आहे. काही नावे तर त्याहूनही अलीकडची आहेत. शरत्संपाताला ‘मेबन’ हे नाव १९७० नंतर एडन केली या अमेरिकन लेखकाने दिले. वेल्श कथेतील मेबन हा तीन रात्रींचा असताना आईजवळून हरविलेला मुलगा; त्याचा संपाताशी त्या कथेत काहीच संबंध नाही. वसंतसंपाताच्या ‘ओस्तारा’ची कथा याहून बोधप्रद आहे. आठव्या शतकात बीड या धर्मपंडिताने एका महिन्याच्या नावाचे स्पष्टीकरण देताना एओस्त्रे या देवीचा ओझरता उल्लेख केला. एक हजाराहून अधिक वर्षांनी, १८३५ साली, याकोब ग्रिम यांनी त्यावरून जर्मन देवी ओस्तारा हिचे अनुमान केले. आणि पुढच्या शतकात त्या अनुमानाला उपासक लाभले. व्युत्पत्तीच्या टिपेतून देवता जन्मास आल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरे प्रतीक हरितपुरुषाचे. मुखातून पाने फुटलेली मस्तके इंग्लंड-वेल्समधील अनेक मध्ययुगीन चर्चांत कोरलेली आहेत. त्यांना ‘ग्रीन मॅन’ हे नाव देऊन मेपर्वातील पर्णवेष्टित पुरुषाशी त्यांचे नाते लेडी रॅगलन यांनी जोडिले, ते १९३९ साली ‘फोकलोअर’मधील एका लेखात. त्यापूर्वी त्या शिल्पांचे हे नाव नव्हते. तथापि २०२३ साली ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर हाच हरितपुरुष झळकला, आणि लोकविद्येतील एक प्राचीन आकृती म्हणून त्याचा परिचय करून देण्यात आला. शोधनिबंधापासून राजपत्रिकेपर्यंतचे अंतर चौऱ्याऐंशी वर्षांचे. येथे मूर्ती जुनी, नाव नवे आणि अर्थ त्याहूनही नवा, अशी तीन पदरी रचना आहे. आणि तिन्ही पदर एकाच वयाचे मानणे हाच मुख्य भ्रम होय.

तिसरे प्रतीक झाडूचे. झाडूवर बसून उडणाऱ्या स्त्रीचे ज्ञात असलेले अगदी जुने चित्र मार्तँ ल फ्रां या फ्रेंच कवीच्या काव्याच्या १४५१ च्या सुमारच्या हस्तलिखितात, समासात आढळते. इंग्लंडमधील खटल्यांत उड्डाणाची कबुली विरळाच. आजच्या विधीत मात्र झाडू उडण्यासाठी नसतो. मंडलाची जागा झाडून पवित्र करण्यासाठी असतो, व विवाहविधीत वधूवर तो ओलांडतात. म्हणजे छळकर्त्यांच्या कल्पनेतील एक भयचिन्ह पुन्हा घरातील नित्याच्या वस्तूकडे परत आणिले गेले आहे. प्रतीकनिर्मिती या दृष्टीने ही गोष्ट प्रस्तुत लेखकास मोलाची वाटते. मात्र येथे मराठी वाचकास लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पूजिल्या जाणाऱ्या केरसुणीचे स्मरण होईल, आणि दोहोंचा एकच आदिम उगम असावा असे म्हणण्याचा मोह होईल. तो मोह आवरला पाहिजे. साम्य दिसताच समान उगम गृहीत धरणे हीच फ्रेझरपद्धतीची चूक होती. केर काढणे ही क्रिया जगात सर्वत्र आहे. तिला पावित्र्य देण्याची कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणे अशक्य नाही.

चौथे प्रतीक पंचकोनी ताऱ्याचे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या इंग्लिश काव्यात नायकाच्या ढालीवर हा तारा आहे, आणि तेथे त्याचा एक अर्थ ख्रिस्ताच्या पाच जखमा असा आहे. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने सुलट तारा शुभ व उलट तारा अशुभ असा भेद रूढ केला. विक्कापंथीयांनी त्यात चार महाभूते आणि आत्मतत्त्व पाहिले. एकच आकृती, तीन धर्मदृष्टी. २००७ साली, सैनिकांच्या कुटुंबीयांनी चालविलेल्या दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर, अमेरिकेच्या सरकारने मृत सैनिकांच्या स्मृतिशिलेवर हे चिन्ह कोरण्यास मान्यता दिली. त्या शिलेपाशी उभ्या असलेल्या विधवेस या ताऱ्याचा पुरातत्त्वीय इतिहास विचारणे हे जसे अप्रस्तुत, तसेच तिच्या श्रद्धेवरून त्या ताऱ्याचे वय ठरविणे हेही अप्रस्तुत होय. अर्थाचा प्रश्न आणि उगमाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

५. दुसरी बाजू

वरील विवेचनावरून सर्वच काही ग्रंथनिर्मित आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इटलीतील फ्रिऊली प्रांताच्या धर्मन्यायालयीन दप्तरावर आधारलेला कार्लो गिंझबर्ग यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. गर्भवेष्टनासह जन्मलेली काही शेतकरी माणसे स्वतःस ‘बेनांदान्ती’ म्हणवीत. वर्षातील ठराविक रात्री आपला आत्मा देहाबाहेर पडतो, बडीशेपेच्या कांड्या हाती घेऊन तो चेटकिणींशी लढतो, आणि ही लढाई जिंकल्यास पीक चांगले येते, अशी त्यांची श्रद्धा होती. चौकशी करणाऱ्यांना हे मुळीच उमगेना. त्यांच्या पोथीत अशा माणसांसाठी एकच खाना होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे अर्धशतक प्रश्न विचारले गेल्यानंतर हीच माणसे आपण चेटकी असल्याचे कबूल करू लागली. म्हणजे युरोपातील शेतकरीवर्गात ख्रिस्ती शिकवणुकीबाहेरच्या श्रद्धा खरोखरीच होत्या. परंतु त्या संघटित धर्माच्या स्वरूपात नव्हत्या, आणि त्या धारण करणारे लोक तर स्वतःस चेटकिणींचे वैरी समजत होते. मरे यांच्या सिद्धान्तात सत्याचा एक कण आहे, असे गिंझबर्ग यांनी म्हटले ते याच मर्यादित अर्थाने. लोकांच्या श्रद्धेला बाहेरून नाव दिले की कालांतराने ती श्रद्धा त्या नावाचा आकार घेऊ लागते. न्यायाधीशाच्या बाबतीत जे खरे, ते संशोधकाच्या बाबतीतही खरे असू शकते; दोघेही प्रश्न विचारतात आणि दोघांच्याही मनात उत्तराचा साचा आधीच तयार असतो.

६. मृतांचा प्रश्न

आतापर्यंतची चर्चा विद्वानांपुरती होती. आता एका अधिक गंभीर प्रश्नाकडे वळले पाहिजे. या पंथाच्या वाङ्मयात ‘होळीचा काळ’ या नावाने युरोपातील छळाची स्मृती जागविली जाते, आणि मृतांची संख्या बराच काळ नव्वद लाख सांगितली जात असे. हा आकडा अठराव्या शतकातील फोग्ट या जर्मन लेखकाच्या अंदाजातून निघाला, आणि १८९३ साली माटिल्डा जॉसलिन गेज यांच्या ग्रंथाने इंग्रजी वाचकांत पसरला. आजच्या इतिहासकारांचा अंदाज चाळीस ते साठ हजार देहान्त शिक्षांचा आहे. आणि इंग्लंडात तर अशा आरोपितांना जाळीत नसून फाशी देत असत. संख्या कमी झाल्याने अपराध लहान होत नाही. चाळीस हजार माणसांचा मृत्यू आपल्या गांभीर्यासाठी अतिशयोक्तीची वाट पाहत नाही.

परंतु संख्येपेक्षाही मोठा दोष अर्थाचा आहे. मारल्या गेलेल्या स्त्रिया जुन्या धर्माच्या पुजारिणी होत्या असे म्हणणे वरवर पाहता त्यांचा गौरव करण्यासारखे वाटते. किंचित खोल विचार केल्यास ध्यानात येईल की, असे म्हणताना आपण न्यायाधीशाचा मुख्य आरोप मान्य करीत असतो. त्या रात्री जमत होत्या, त्यांचा गुप्त संघ होता, त्या शिंगधारी देवाला भजत होत्या, हे सर्व खरेच, फक्त तो सैतान नव्हता, एवढीच दुरुस्ती आपण सुचवितो. वस्तुतः त्यांच्यापैकी बहुसंख्य साध्या ख्रिस्ती स्त्रिया होत्या, आणि ‘मी ते केले नाही’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. यातनांखाली बदललेली साक्ष आपण प्रमाण मानावी आणि यातनांपूर्वीचा नकार विसरावा, हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा होणारा अन्याय होय. ज्यांना काहीच उरले नव्हते त्यांना निरपराधित्व तेवढे उरले होते. ते काढून घेऊन त्यांच्या हाती एक प्रतीक देण्याचा अधिकार आपणास नाही.

७. मराठी परिभाषेचा प्रश्न

या ठिकाणी मराठी अभ्यासकाची जबाबदारी सुरू होते. ‘विच’ या शब्दासाठी आपण सहजगत्या ‘चेटकीण’ वा ‘डाकीण’ हे शब्द वापरतो. इंग्लंडमध्ये हा शब्द आज स्वेच्छेने व अभिमानाने धारण केला जातो. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या शिरगणतीत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन, आणि सुमारे १३ हजारांनी विक्का असा नोंदविला. आपल्याकडे मात्र हा शब्द धारण केला जात नाही, लादला जातो. सातपुड्याच्या परिसरात डाकीण ठरविलेल्या स्त्रीला मारहाण सोसावी लागते, गाव सोडावे लागते, प्रसंगी प्राणासही मुकावे लागते. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अमुक व्यक्ती करणी करते वा मंत्रतंत्राने गुराढोरांचे दूध आटविते अशी समजूत पसरविणे, हे कृत्य गुन्हा म्हणून नमूद आहे. दुधाचा हा आरोप युरोपातील खटल्यांच्या वाचकास पूर्णपणे परिचित आहे. कारण तेथेही शेजारणीवरील पहिला संशय पुष्कळदा आटलेल्या दुधावरूनच सुरू होत असे. साम्य येथे आहे. ते कोणत्याही लुप्त धर्माचे साम्य नाही. दारिद्र्य, आजार आणि शेजारातील वैर यांचे ते साम्य आहे.

म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की, आधुनिक पंथासाठी ‘विक्का’ व ‘पेगन’ हे शब्द जसेच्या तसे घ्यावेत. ‘पेगन’ला ‘मूर्तिपूजक’ हा प्रतिशब्द रूढ असला तरी तो मुळात परधर्मीयाच्या दृष्टीने घडलेला आहे. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थ केवळ ‘खेडूत’ असा होता. आणि ‘चेटकीण’ व ‘डाकीण’ हे शब्द केवळ आरोपवाचक म्हणून, म्हणजे ‘चेटकीण ठरविलेली’ अशाच रचनेत वापरावेत. परिभाषेतील हा लहानसा बदल एखाद्या स्त्रीचे रक्षण करील असा दावा करता येणार नाही. पण निदान आपल्या शास्त्राने आरोपकर्त्याची भाषा उसनी घेतली, असा ठपका आपणावर येणार नाही.

८. उपसंहार

विक्कापंथाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावयास हवीत. त्याची प्रतीके अर्वाचीन आहेत म्हणून तो निव्वळ सोंग आहे, हे एक टोक. रोनल्ड हटन यांनी १९९९ साली या पंथाचा सविस्तर इतिहास लिहिला, तेव्हा त्यांनी त्याच्या प्राचीनतेचा दावा नाकारला. पण इंग्लंडने जगाला दिलेला एक पूर्ण धर्म म्हणून त्याची गंभीरपणे दखलही घेतली. आणि पुष्कळ उपासकांनीही हा इतिहास स्वीकारून आपली उपासना चालूच ठेविली. ऑस्ट्रेलियातील उपासक ऋतुमानाप्रमाणे हे वर्षचक्र सहा महिन्यांनी फिरवून घेतात. त्यांचा बेल्टेन वसंतातच, परंतु ऑक्टोबरच्या अखेरीस येतो. चक्राचे प्रामाण्य त्याच्या वयात असते तर असे करणे शक्य झाले नसते. दारातील झाड केव्हा फुलते याच्याशी त्याचे प्रामाण्य जोडले गेले आहे, आणि हीच त्या प्रतीकाच्या जिवंतपणाची खूण आहे. प्रतीके परिणामकारक आहेत म्हणून ती प्राचीनच असली पाहिजेत, हे दुसरे टोक. श्रद्धेचा प्रत्यय हा इतिहासाचा पुरावा नव्हे.

या दोहोंमध्ये लोकविद्येच्या अभ्यासकाचे स्थान आहे, आणि ते वाटते तितके तटस्थ नाही. फ्रेझर, लेलंड, मरे, रॅगलन यांपैकी कोणीही धर्म स्थापन करावयास निघाले नव्हते. ते लेख लिहीत होते. त्या लेखांतील अनुमाने पुढे वेदीवर जाऊन बसली. आपणही गावोगाव हिंडून कथा, ओव्या, विधी गोळा करतो, त्यांचे आदिम अर्थ सुचवितो, आणि ते छापतो. उद्या त्याच गावातील एखादा सुशिक्षित तरुण आपलाच अर्थ आपल्याच विद्यार्थ्याला परंपरा म्हणून सांगेल, आणि तो विद्यार्थी त्याची नोंद पुरावा म्हणून करील. असे होऊ नये यासाठी निरीक्षण कोठे संपले व अनुमान कोठे सुरू झाले, हे प्रत्येक पानावर स्पष्ट दाखविणे हे आपले पहिले कर्तव्य होय.